कास पठाराचे रंग : दिनदर्शिकेच्या छायाचित्रांच्या कामाच्या नोंदी

१८ ऑगस्ट

आमच्या निसर्ग मंडळाची पुढील वर्षाची दिनदर्शिका कास पठाराच्या फुलोऱ्यावर काढण्याचे निश्चित झाले असून छायाचित्रे आणि छपाईपूर्व तयारी ही दोन्ही कामे माझ्याकडे आली आहेत. या विषयावरील दिनदर्शिका साताऱ्यात कमी नाहीत. त्यांपैकी पुष्कळांत गवत झगझगीत पोपटी आणि तेरडा भडक राणी रंगाचा असतो, आणि ज्याने सप्टेंबरात हे पठार प्रत्यक्ष पाहिले आहे त्याला त्या चित्रांत ते ओळखू येत नाही. बैठकीत मागणी झाली ती अशी की रंग भरपूर हवेत, पण खरे हवेत. या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरोधात आहेत असे मला वाटत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरच्या, पावसाने भिजलेल्या त्या जांभ्या दगडाच्या सपाटीवर रंग मुळातच भरपूर असतो. तो पानांवरची चकाकी, धुके आणि चुकीचे एक्स्पोजर (चित्र घेताना कॅमेऱ्यात येऊ दिलेला प्रकाश) यांत वाटेतच हरवतो, आणि मग संगणकावर तो बाहेरून ओतावा लागतो. तेव्हा या कामात मुख्य भर रंग वाढवण्यावर न देता तो हरवू न देण्यावर द्यायचा, असे धोरण ठरवले आहे.

‘खरा रंग’ तपासणार कसा, हा प्रश्न उरतो. स्मरणशक्तीवर विसंबता येत नाही, कारण आठवणीतले गवत आणि आठवणीतले आकाश प्रत्यक्षापेक्षा अधिक गडद असते. यासाठी रंगांच्या दुकानातून भिंतीच्या रंगांचे शेड कार्ड आणले आहे. ते फुलाशेजारी, फुलाला स्पर्श न करता, त्याच प्रकाशात धरायचे आणि सर्वांत जवळच्या छटेचा क्रमांक वहीत लिहायचा. हे मोजमाप शास्त्रशुद्ध नव्हे, परंतु तीन आठवड्यांनी पडद्यासमोर बसल्यावर स्वतःशी वाद घालण्यापेक्षा ते निश्चितच बरे.

कॅमेऱ्याची मांडणी अशी राहील: सर्व चित्रे १४ बिट रॉ स्वरूपात (म्हणजे संवेदकाची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद), संवेदनशीलता शक्यतो आयएसओ ४०० पर्यंत, आणि प्रकाश बदलेल तेव्हा दर वेळी प्रकाशाचा रंग ठरवण्यासाठी राखाडी कार्डाचे एक चित्र. चोवीस रंगांचा तपासणी-तक्ताही सोबत असेल. ढगाळ आणि उन्हाचा प्रकाश यांसाठी त्यावरून कॅमेऱ्याचे दोन स्वतंत्र प्रोफाइल (कॅमेऱ्याचे रंग दुरुस्त करणाऱ्या फाइली) करायचे आहेत.

२७ ऑगस्ट

यवतेश्वरच्या घाटातून वर पोहोचेपर्यंत धुके इतके उतरले की पायवाटेच्या दहा-बारा पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते. फुलोरा अद्याप विरळ आहे. गेंदाचे पांढरे गुंडे उघडू लागले आहेत. चवरीची फिकट पिवळसर फुले मात्र जोरात आहेत.

धुक्यातील पाण्याचे सूक्ष्म थेंब सर्व तरंगलांबींचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात, त्यामुळे वस्तू आणि भिंग यांच्यामध्ये पांढऱ्या प्रकाशाचा एक थर येतो आणि प्रत्येक रंगात पांढरा मिसळतो. संपादनात धुके काढण्याची जी सरकपट्टी असते ती हा थर वजा करण्याचा प्रयत्न करते. तिचा थोडा उपयोग होतोही. मात्र ती जास्त ओढली की दूरवरचे गवत निळसर पडते आणि जवळच्या पानांचा रंग विनाकारण तापतो. माझ्या मते धुक्याचे चित्र धुक्याचेच राहू द्यावे. आज अगदी जवळच्या दोन-तीन चवरी पूर्ण रंगात आणि मागचे पठार फिके, अशी रचना केली. जवळचा रंग भरलेला दिसण्यासाठी मागचा फिका असणे पुष्कळदा पुरेसे ठरते.

धुक्यातील हिस्टोग्रॅम (चित्रातील गडद-उजळ भागांचे प्रमाण दाखवणारा आलेख) मधोमध गोळा होतो. तो उजवीकडे सरकवून, म्हणजे सुमारे एक स्टॉप (दुप्पट प्रकाश) जास्त एक्स्पोजर देऊन, चित्रे घेतली आहेत. संगणकावर उजळपणा परत खाली आणला की सावलीतील पानांत रंगीत कण उमटत नाहीत, आणि गडद हिरवा स्वच्छ राहतो.

९ सप्टेंबर

दिवसभर उंच, एकसंध ढग होते, पाऊस नव्हता आणि सर्व काही ओले होते. रंगासाठी याहून चांगला प्रकाश नाही, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि ढग आले की कॅमेरा पिशवीत घालणाऱ्यांचे मला नवल वाटते. ढगाळ आकाश हा एक प्रचंड मोठा, मऊ प्रकाशस्रोत असतो. सावल्या कठोर नसतात, त्यामुळे फुलाचा उजळ भाग आणि पानाखालचा अंधार हे दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये मावतात.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. ओल्या पानावर पांढऱ्या आकाशाचे प्रतिबिंब पडते. पानाच्या आतून येणारा हिरवा प्रकाश आणि पृष्ठभागावरून परावर्तित होणारा पांढरा प्रकाश एकत्र येऊन भिंगात शिरतात, आणि हिरवा राखाडी दिसू लागतो. या ठिकाणी पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा (ध्रुवित) प्रकाश अडवणारी फिरती गाळणी, लागतो. तो केवळ निळे आकाश गडद करण्यासाठी असतो असा समज आहे. ढगाळ दिवशी त्याला काही काम नसते, असेही सांगितले जाते. प्रत्यक्षात पाण्याच्या पृष्ठभागावरून लंबाशी सुमारे ५३ अंशांच्या कोनात परावर्तित झालेला प्रकाश जवळजवळ पूर्णतः ध्रुवित असतो, मग वर सूर्य असो वा ढग. पोलरायझर फिरवत नेला की एका स्थितीत पानांवरची चकाकी विरते आणि तिच्या खालचा रंग उघडा होतो. आज एकाच चौकटीची पोलरायझरसह आणि त्याविना घेतलेली चित्रे शेजारी ठेवून पाहिली. पोलरायझरविना घेतलेल्या चित्रात संपृक्तता (रंगाचा भरीवपणा) कितीही वाढवली तरी दुसऱ्याच्या जवळ जाता येत नाही, कारण त्या पानांवर वाढवण्यासारखा हिरवा उरलेलाच नाही. तेथे आकाशाचा पांढरा नोंदला गेला आहे.

पोलरायझरमुळे दीड ते दोन स्टॉप प्रकाश कमी होतो आणि कासवरचा वारा फुलांना स्थिर राहू देत नाही. १/५०० सेकंदाखाली जाणे शक्य नसल्याने आयएसओ ८०० स्वीकारावे लागले. चकाकीही मी पूर्ण काढली नाही. थेंबांवरची सगळी चमक नाहीशी झाली तर पठार कोरडे दिसू लागते आणि पावसाळ्याचा पुरावाच नष्ट होतो. म्हणून पोलरायझर पूर्ण परिणामाच्या थोडा अलीकडे थांबवला.

फुलांच्या दाटीत शिरण्यास बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील जी ठिकाणे जागतिक वारसा म्हणून घोषित केली त्यांत कासचा समावेश आहे, आणि जांभ्यावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की पायाखाली गेलेली जागा लवकर भरून येत नाही. सर्व चित्रे पायवाटेवरून, लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतली आहेत. याचा रंगालाही लाभ झाला: अरुंद दृष्टिकोनामुळे चौकटीतील सर्व पानांशी कोन साधारण सारखा राहतो आणि पोलरायझरचा परिणाम एकसारखा पडतो.

११ सप्टेंबर

आज संपूर्ण वेळ हिरव्या रंगावर गेला.

पडद्यावर गवत पिवळट दिसत असेल तर स्वाभाविकपणे हात हिरव्याच्या पट्टीकडे जातो आणि काहीच घडत नाही. याचे कारण गवताच्या रंगातच आहे. पान हिरवा प्रकाश जास्त परावर्तित करते हे खरे, पण त्याच्याबरोबर पिवळा आणि तांबड्याचाही काही भाग परत येतो, त्यामुळे रंगचक्रावर गवताची जागा शुद्ध हिरव्याऐवजी पिवळा आणि हिरवा यांच्या दरम्यान येते. संपादनात गवताची सूत्रे पिवळ्या पट्टीच्या हाती असतात. पिवळ्याची छटा किंचित हिरव्याकडे वळवली, त्याचा उजळपणा थोडा उतरवला आणि संपृक्ततेला हात लावला नाही. एवढ्यावर शेड कार्डवरील नोंदीच्या जवळचा रंग मिळाला.

उजळपणा उतरवण्याविषयी थोडे अधिक लिहून ठेवणे आवश्यक आहे. पडद्यावरील संपृक्तता वाढवताना बहुतेक साधने रंग अधिक झळाळता करतात, कारण तेथे रंग प्रकाशाच्या बेरजेने घडतो. जुन्या स्लाइड फिल्मवर रंग घडत असे तो रंगद्रव्यांच्या थरांनी प्रकाश शोषून. तेथे रंग जितका दाट तितका तो गडद होई. १९९० साली बाजारात आलेल्या फुजीच्या वेल्व्हिया फिल्मची हिरवळ छायाचित्रकारांना इतकी भावली त्यामागे या दाटपणाचाही वाटा होता, केवळ भडकपणाचा नव्हे. पावसाळी पठारावरचा हिरवाही झळाळता नसतो, दाट असतो. त्यामुळे जेथे रंग अपुरा वाटेल तेथे प्रथम त्या रंगाचा उजळपणा कमी करून पाहायचा आणि मगच संपृक्ततेचा विचार करायचा, हा क्रम यापुढे पाळणार आहे.

१६ सप्टेंबर

तेरडा पूर्ण बहरात आहे. पठाराचा मोठा भाग गुलाबी-जांभळा झाला आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे, परंतु कॅमेऱ्यात तो तीन सेकंदही टिकत नाही. चौकटीचा बहुतांश भाग गुलाबी असला की कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची भरपाई करणारी मांडणी) त्या गुलाबीलाच प्रकाशाचा दोष समजतो आणि भरपाई म्हणून चित्र हिरव्याकडे ढकलतो. फुले मलूल होतात आणि दगड हिरवट दिसतो. राखाडी कार्डावरून व्हाइट बॅलन्स निश्चित केला: सकाळी ढगात तो सुमारे ६३०० केल्व्हिन (प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा मोठा तितका प्रकाश निळसर) आला, अकराच्या सुमारास ऊन पडल्यावर ५३०० च्या आसपास उतरला.

उन्हात दुसरा प्रश्न उभा राहिला. तेरड्याच्या पाकळीतून तांबडा आणि निळा प्रकाश भरपूर येतो, हिरवा अगदी थोडा. एकत्रित उजळपणाचा हिस्टोग्रॅम मुख्यत्वे हिरव्यावर अवलंबून असल्यामुळे तो सर्व काही ठीक असल्याचे दाखवतो, आणि त्याच वेळी तांबडी वाहिनी (चित्रातील फक्त तांबड्याची नोंद) कमाल मर्यादेला टेकलेली असते. टेकलेल्या वाहिनीत पाकळीवरच्या शिरा आणि घड्या नाहीशा होतात, आणि फूल रंगाच्या सपाट डागासारखे दिसते. यावर तीन वाहिन्यांचा स्वतंत्र हिस्टोग्रॅम पाहणे हाच उपाय आहे. त्यातही हे लक्षात ठेवावे लागते की कॅमेरा दाखवतो तो आलेख जेपेगचा, म्हणजे कॅमेऱ्याने आतच प्रक्रिया केलेल्या चित्राचा असतो. त्यात व्हाइट बॅलन्सचे गुणक आधीच लागलेले असतात. उन्हाच्या प्रकाशात तांबड्या वाहिनीला सुमारे दुप्पट गुणले जाते, त्यामुळे जेपेगमध्ये जळालेला तांबडा रॉमध्ये पुष्कळदा शाबूत असतो. आजची चित्रे दोन-तृतीयांश स्टॉप कमी एक्स्पोजरने घेतली आणि रॉमध्ये तांबड्याला पुरेशी मोकळीक राहिली.

संपादनातही हीच सावधगिरी लागते. तांबडी वाहिनी शाबूत असलेल्या चित्रावर संपृक्तता थोडी वाढवली की ती पुन्हा मर्यादेला टेकते. या फुलांवर व्हायब्रन्स ही संपादनातील पट्टीही वापरली नाही; ती मुख्यतः फिक्या रंगांना उचलते, म्हणजे तेरड्याला सोडून मागच्या दगडाला रंग चढवते, आणि जांभा विनाकारण केशरी होतो.

१८ सप्टेंबर

पिवळ्याची छोटी नोंद. सोनकी आणि मिकी माऊस या नावाने ओळखली जाणारी स्मिथियाची फुले यांचा पिवळा हळदीच्या बाजूचा आहे, पण पहिल्या संपादनात तो लिंबाच्या बाजूला गेला. हळदी पिवळ्यात तांबडा सर्वाधिक आणि हिरवा त्याहून थोडा कमी असतो. उजळपणा वाढवत नेला की तांबडा प्रथम मर्यादेला पोहोचून थांबतो, हिरवा मात्र चढत राहतो, आणि दोहोंतील अंतर मिटताच छटा लिंबू रंगाची होते. छटेची पट्टी सरकवून हे सुधारत नाही. उजळपणा अर्धा स्टॉप खाली घेताच स्मिथियावरचे दोन तांबडे ठिपकेही स्पष्ट झाले.

२३ सप्टेंबर

सीतेची आसवे. या कामातील सर्वांत अवघड फूल हेच ठरणार, असे दिसते.

ही युट्रिक्युलेरिया या प्रजातीतील कीटकभक्षी वनस्पती आहे. पाणथळ जांभ्यावर तिची बोटभर उंचीची निळी-जांभळी फुले हजारोंनी उगवतात. वहीत जांभळ्या बाजूची छटा नोंदवली आहे. कॅमेऱ्याने तिला निळी केली. राखाडी कार्ड होते, एक्स्पोजर योग्य होते, तक्त्यावरून केलेले ढगाळ प्रकाशाचे प्रोफाइलही लावलेले होते, तरीही निळीच.

कारण संवेदकाच्या रचनेत आहे. कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या नावाने १९७६ साली पेटंट मिळालेल्या मांडणीत निम्म्या पिक्सेलांवर हिरवी गाळणी आणि पाव-पाव पिक्सेलांवर तांबडी व निळी असते, आणि आजचे बहुतेक कॅमेरे तीच मांडणी वापरतात. या गाळण्यांतून कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती जातो त्याचे प्रमाण आणि मानवी डोळ्याचा प्रतिसाद यांत पूर्ण मेळ नसतो. वर्णपटाच्या जांभळ्या टोकाचा प्रकाश आपल्याला निळ्यासोबत किंचित तांबूसपणा घेऊन दिसतो. संवेदकाची तांबडी गाळणी त्या टोकाला तेवढाच प्रतिसाद देईल असे नाही. तपासणी-तक्त्याने हे सुटत नाही, कारण त्यावरचे चोवीस रंग रंगद्रव्यांचे आहेत आणि या पाकळीसारखे प्रकाश परावर्तित करणारा त्यांत एकही नाही. जे दोन पदार्थ डोळ्याला सारखे दिसतात ते कॅमेऱ्याला वेगळे दिसू शकतात, आणि उलटही घडते. माझ्या शेड कार्डालाही हीच मर्यादा आहे: सकाळी ढगात फुलाशी जुळलेली छटा दुपारी उन्हात तितकी जुळत नव्हती. तेव्हा वहीतील प्रत्येक क्रमांकासमोर प्रकाशाची स्थितीही लिहिली आहे.

येथे हाताने दुरुस्ती करण्यावाचून मार्ग नाही. फक्त निळ्या-जांभळ्या पट्ट्यातील रंग निवडून त्यांची छटा तांबड्याकडे वळवली आणि फुलांपुरता मुखवटा ठेवला, जेणेकरून कुमुदिनीच्या तळ्यावरच्या आकाशाच्या प्रतिबिंबाला तो बदल लागू नये. काही लोक अशा निवडक दुरुस्तीला बनवाबनवी मानतात. जो रंग कॅमेऱ्याने नोंदताना बदलला तो परत जागेवर आणण्याला मी तसे म्हणणार नाही. मात्र हा बदल वहीतील नोंदीपाशी थांबला पाहिजे.

३० सप्टेंबर

कास तलावाच्या बाजूने सायंकाळची चित्रे. सूर्य खाली असताना राखाडी कार्डावरून व्हाइट बॅलन्स घेतला तर संध्याकाळ दुपार होऊन जाते, कारण कार्ड प्रकाशातील सोनेरीपणा हा दोष समजून काढून टाकते. डोळाही प्रकाशाशी जुळवून घेतो, पण पूर्णपणे नाही. काही ऊब जाणवत राहते. म्हणून दिवसाच्या प्रकाशाची ५२०० केल्व्हिनची स्थिर मांडणी ठेवली आणि संपादनात थोडीशीच खाली आणली. सूर्यास्तानंतर निळे-जांभळे अधिक उजळ आणि तांबडे काळसर दिसू लागले. मंद प्रकाशात डोळ्यात होणारा हा बदल चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या नावाने ओळखला जातो. कॅमेऱ्यात तो घडत नसल्याने त्या वेळची चित्रे निवडीतून वगळली आहेत.

९ ऑक्टोबर

निवड झाली. पडदा मापकयंत्राने पुन्हा जुळवला: ६५०० केल्व्हिन, गॅमा (मधल्या छटांच्या उजळपणाचे माप) २.२ आणि उजळपणा प्रति चौरस मीटर १०० कँडेला. घरातील पडदे साधारणतः याच्या दुपटीहून अधिक उजळ ठेवलेले असतात, आणि त्यावर बेतलेली चित्रे छापून आली की काळवंडलेली दिसतात. संपादन मोठ्या, म्हणजे अधिक रंग मावणाऱ्या, रंगविस्तारात, १६ बिटमध्ये केले आहे. समाजमाध्यमांवर देण्याच्या प्रती १९९६ साली मांडल्या गेलेल्या एसआरजीबी या विस्तारात काढल्या.

बारा चित्रे एकत्र मांडल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. सुटे पाहताना पुरेसे वाटणारे चित्र शेजारच्या अधिक रंगीत चित्रामुळे फिके वाटते, आणि त्याला उचलले की शेजारचे फिके वाटू लागते. दिनदर्शिकेची दोन पाने एकाच वेळी कधीच दिसत नाहीत, तेव्हा हा मोह सोडून प्रत्येक चित्र आपापल्या नोंदीशीच ताडून पाहिले.

१५ ऑक्टोबर

प्रेसने दिलेल्या चार रंगांच्या प्रोफाइलवर पडद्यावरच प्रूफ (छपाईचा नमुना) पाहिले. तेरडा बऱ्यापैकी टिकतो, कारण मॅजेन्टा (गडद गुलाबी) ही छपाईची स्वतःची शाईच आहे. पिवळाही टिकतो. सीतेच्या आसवांचा जांभळा मात्र सायन (आकाशी निळी शाई) आणि मॅजेन्टाच्या मिश्रणातून मातकट निघतो; पडद्यावरचा तो रंग या शायांच्या आवाक्याबाहेरचा आहे. पाचव्या शाईचा पर्याय खर्चामुळे बाद झाला.

यावर मार्ग निघाला तो आजूबाजूच्या रंगांतून. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख असताना त्यांच्याकडे काळा धागा फिका दिसत असल्याची तक्रार आली होती, आणि रंगात दोष नसून शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसतो, हे त्यांनी दाखवून दिले. तेच तत्त्व येथे उलट वापरले. फुलांभोवतीच्या शेवाळाची आणि गवताची संपृक्तता थोडी उतरवली, पार्श्वभूमी किंचित गडद केली, आणि तोच छापील जांभळा भरलेला दिसू लागला. हा बदल फक्त छपाईच्या प्रतीत आहे. मूळ फाइल तशीच ठेवली आहे.

कागदाचा निर्णयही झाला. मॅपलिथोवर (लेप नसलेल्या कागदावर) शाई कागदात मुरते आणि गडद हिरव्यातील भेद मिटतात, म्हणून १७० जीएसएमचा (प्रति चौरस मीटर १७० ग्रॅम वजनाचा) मॅट आर्ट पेपर घेतला आहे.

२२ ऑक्टोबर

प्रेसमधील छापील प्रूफ तपासले. तेथील ट्यूबलाइटखाली सर्व पाने हिरवट दिसत होती. बाहेर व्हरांड्यात, उघड्या सावलीत पाहिल्यावर तो हिरवटपणा गेला, त्यामुळे त्यावर कोणतीही दुरुस्ती सुचवली नाही. ऑगस्टच्या पानावरील धुके थोडे गुलाबी आले होते. तेथे हलक्या छटांतील मॅजेन्टा दोन टक्के कमी करण्यास सांगितले. सप्टेंबरच्या तेरड्यात पाकळ्यांच्या शिरा छपाईतही मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी जूनच्या पानाचे गवत ‘अजून थोडे उठावदार’ करण्याची सूचना केली. त्यांना वहीतील छटा आणि छापील पान शेजारी ठेवून दाखवले, आणि पान आहे तसे मंजूर झाले. प्लेट काढण्यास परवानगी दिली असून, छपाईच्या फाइलींसोबत शेड कार्डचे क्रमांक आणि दोन्ही प्रोफाइल मंडळाच्या संग्रहात जमा केले आहेत.